हद्दीची लांबी

भावजी,

तुमच्या तेराव्याला आता दोन आठवडे झाले. त्या दिवशी शांतानं तुमचा चष्मा, छत्री आणि मोजणीची जुनी साखळी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "वैनी, ह्यातलं काय पायजे ते न्या." चष्मा आणि छत्री तिच्याच घरात असायला हवीत, म्हणून मी साखळी आणली. ती सध्या माझ्या टेबलाखाली आहे. पाय लागला की खळकन वाजते, आणि मला वाटतं, तुम्ही बोलायच्या आधी घसा खाकरलात.

हे पत्र तुम्हाला आहे, पण त्याच्या दोन प्रती काढून मी सोहमला आणि ईशाला पाठवणार आहे. माझी ही नातवंडं इतकी लांब राहतात की माझा संध्याकाळचा दिवा लागतो तेव्हा त्यांची सकाळ होते. तुम्ही त्यांच्या आजोबांचे भाऊ, जमिनी मोजणारे, म्हणून तुम्हाला ती नक्शेआजोबा म्हणायची. तेव्हा मधूनमधून तुम्हाला वाटेल, "वैनी, हे मला कशापायी सांगून राह्यल्या, मला ठावं हाय की." जरा धीर धरा. ते मुलांसाठी आहे.

जन्म कुठला, नोकरी किती वर्षं केली, मागे कोण कोण आहे, हे सगळं वर्तमानपत्रात छापून आलं. कात्रण मी फाइलला लावलं आहे. सगळी माहिती बरोबर आहे आणि तिच्यात तुम्ही कुठेच नाही.

मला एकच गोष्ट लिहायची आहे. एक्याऐंशी साली, शाळेच्या भरल्या सभागृहात, मी तुम्हाला खोटं पाडलं. खरे तुम्ही होतात. हे तुम्हाला एकट्याला माझं सांगून झालं, पण तेवढ्यानं तुमचं समाधान झालं नव्हतं.

त्या वर्षी आपला जिल्हा नवा झाला होता. तोवर जालना हा औरंगाबादचा तालुका. एका दिवसात ते जिल्ह्याचं गाव झालं. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते आणि नव्या जिल्ह्याचं पुस्तक अजून कुणी काढलेलं नव्हतं. मी ठरवलं, आपणच सोळा पानांची पुस्तिका करायची. तालुके, नद्या, पिकं, बाजाराची गावं असं सगळं क्रमानं, आणि दुसऱ्या पानावर जिल्ह्याच्या सीमेची लांबी. ती कुठे लिहिलेली सापडेना. म्हणून मी भिंतीवरचा मोठा नकाशा घरी आणला, जमिनीवर पसरला आणि सीमेच्या रेषेवर काळा दोरा टाचण्यांनी बसवत गेले. मग दोरा सरळ करून पट्टीवर मोजला आणि नकाशाच्या प्रमाणानं गुणला. दोन दिवस गेले. दुसऱ्यांदा मोजला तेव्हाही आकडा जवळजवळ तोच आला. मला फार बरं वाटलं. तो आकडा मी इथे लिहीत नाही. एकदा छापला, तेवढा पुरे.

त्या रविवारी तुम्ही आणि शांता आमच्याकडे होतात. तुम्ही बाजारातून फ्लॉवर घेऊन आलात आणि दारातूनच विचारलंत, "काय करून राह्यल्या वैनी? नक्शाला टाके घालता का?"

"सीमेची लांबी मोजतेय."

तुम्ही पिशवी ठेवून उकिडवे बसलात. दोरा चिमटीत धरून पाहिलात. "दोरा शिवणाचा घेतला का गोधडीचा?"

"त्यानं काय होतं?"

"लई होतं. गोधडीचा दोरा जाड, बारक्या वळणात शिरतच न्हाई. शिवणाचा थोडा शिरतो. रेशमाचा घेतला तर अजून आत शिरंल. दोरा जितका बारीक, हद्द तितकी लांब."

"म्हणजे माझं चुकलं म्हणा."

"चुकलं न्हाई. पर बराबर बी न्हाई."

मला राग आला. मी फ्लॉवर उचलून स्वयंपाकघरात गेले आणि तुम्ही मागोमाग आलात. विळीजवळ बसून तुम्ही एक तुरा तोडला आणि तळहातावर उभा धरलात. "हे काय हाय?"

"तुरा."

"मला तर अख्खा फ्लॉवर दिसून राह्यला. देठ बगा, डोकं बगा." त्याच्यातून अजून लहान तुरा तोडलात. "अन् हा? हा बी अख्खाच." असं करत करत मोहरीएवढा कण नखावर राहिला, तोही तुमच्या मते फ्लॉवरच होता.

"भावजी, भाजी होऊ द्या," मी म्हटलं.

जेवताना तुम्ही दोनदा भाजी घेतलीत आणि हात धुताना शांताला सांगितलंत, "आज म्या दोनशे फ्लॉवर खाल्ले. वैनीच्या हिशोबानं एकच."

पुस्तिका छापून झाली. शाळेत मुलींच्या नकाशांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं, आणि मी तुम्हाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. इथे एक खरं सांगते. आधी मी दुसऱ्या दोघांना विचारलं होतं. त्यांना जमलं नाही आणि घरात मोजणीदार होता. तुम्हाला वाटलं, मी पहिलं तुम्हालाच विचारलं. शांता नंतर म्हणाली, तुम्ही तीन दिवस गोठ्यात म्हशीपुढे भाषण म्हणत होतात.

तुम्ही परीटघडीचा सदरा घालून आलात, खांद्याला किंतानाची पिशवी आणि पिशवीत ही साखळी. खात्यानं मोडीत काढलेली, पण तुम्ही तेल देऊन चकचकीत ठेवलेली. व्यासपीठावर बसल्यावर पाय कुठे ठेवावेत हे तुम्हाला कळत नव्हतं, ते मी पाहिलं. पण उठून मुलींना दाखवायला साखळी पसरलीत, खडू हातात घेतलात आणि वेगळेच झालात. फळ्यावर एक वळणावळणाची रेघ काढलीत.

"पोरींनो, ही गोदावरी. आपल्या जिल्ह्याची हद्द दक्षिणेला तिच्या काठानं जाती. आता हा काठ मोजायचा. कोण येतं?"

एक मुलगी फूटपट्टी घेऊन आली. पट्टी या वळणापासून त्या वळणापर्यंत आडवी ठेवत गेली. तीन पट्ट्या भरल्या. मग तुम्ही पहिल्या बाकावरच्या मंगलला बोलावलंत, खिशातून काडेपेटी काढून एक काडी तिच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "आता तू मोज. घाई बिलकुल करू नको." मंगल काडी-काडीनं वळणांच्या आत शिरत गेली. सभागृहात इतकी शांतता होती की काडी फळ्याला लागल्याचं ऐकू येत होतं. तिच्या काड्यांची बेरीज साडेचार फुटांवर गेली.

"नदी तीच, फळा तोच," तुम्ही म्हणालात. "हिची लांबी तीन, तिची साडेचार. खरी कोणाची?"

मग तुम्हीच उत्तर दिलंत.

"दोघींची बी. मुंगीला मोजाया लावलं तर अजून वाढंल. म्हून सांगतो पोरींनो, हद्दीला एक अशी लांबी नसतीच. कशानं मोजलं ते आधी सांगा, मंग लांबी इचारा."

मुख्याध्यापिका बाईंनी माझ्याकडे पाहिलं. टेबलावर माझ्या पुस्तिकांचा गठ्ठा होता, दुसऱ्या पानावर आकडा होता आणि पुस्तिकेवर माझं नाव, नावापुढे माझी पदवी. मी उठले. मी काय म्हटलं ते मला शब्द न् शब्द आठवतं. "पाहुण्यांनी गंमत केली हं, मुलींनो. सीमेला लांबी असते. ती पान दोनवर आहे. वहीत लिहा."

मुली हसल्या. तुम्हीही हसलात. मग फळ्याकडे पाठ करून तुम्ही साखळी गोळा करायला लागलात, मधून धरून, कडीवर कडी ठेवत, एकेक कडी सरळ करत. तेवढ्या वेळात दीडशे मुलींनी माझा आकडा वहीत उतरवला.

एवढंच झालं असतं तर मी त्याला दीर-भावजयीची चेष्टा म्हणून सोडून दिलं असतं. पण कार्यक्रम संपल्यावर मुख्याध्यापिका बाईंनी मला खोलीत बोलावून विचारलं, "तुमचे दीर हे काय बोलून गेले?" आणि मी म्हणाले, "मनावर घेऊ नका हो. फार शिकलेले नाहीत ते. निजामाच्या वेळच्या उर्दू शाळेत सहावीपर्यंत. काहीतरी ऐकीव बोलतात."

खोलीच्या दाराबाहेर पाण्याचा माठ होता. मी बोलत असताना तिथे पेला ठेवल्याचा आवाज झाला. बाहेर आले तेव्हा तुम्ही पायरीवर उभे होतात, पिशवी खांद्याला.

"येतो वैनी. जल्दी हाय, एस्टी गाठायची."

एस्टी सहालाही होती. आमच्याकडे चहा घेतल्याशिवाय तुम्ही भोकरदनला कधीच परतत नव्हतात. तुम्हाला दिलेला नारळ टेबलावर तसाच राहिला. तो मी घरी नेला. नंतर त्याचं काय केलं ते आठवत नाही, आणि सगळं आठवणाऱ्या बाईला हे आठवू नये याचं मला नवल वाटतं.

तुम्ही ते ऐकलं होतं का? पुढची बावीस-तेवीस वर्षं मी हा प्रश्न विचारला नाही.

तुम्हीही कधी दाखवलं नाहीत. येणं-जाणं राहिलं, तिळगूळ राहिला. दर संक्रांतीला हातावर तिळगूळ ठेवला की तुम्ही डोळे बारीक करून विचारायचात, "लांबी घावली का वैनी?" आणि मी म्हणायची, "पान दोन बघा." घरातल्यांना ती आपली ठरलेली गंमत वाटायची. पण शाळेत तुम्ही पुन्हा पाऊल ठेवलं नाहीत. स्नेहसंमेलनाला, माझ्या निवृत्तीच्या समारंभालासुद्धा. त्या दिवशी मोजणी आहे म्हणालात. तो रविवार होता.

वाद मात्र तुम्ही कधी सोडला नाहीत. एका उन्हाळ्यात तुमच्या शेतावर आले होते, तेव्हा तुम्ही मला भर उन्हात काळ्या जमिनीच्या भेगा दाखवायला नेलंत. वावरभर हातहात रुंद भेगांचं जाळं, त्या भेगांच्या मधल्या तुकड्यात बोटाएवढ्या भेगा, त्यांच्या मधे केसाएवढ्या. तुम्ही तळहाताएवढं ढेकूळ उचललंत. "हे बगा अन् ते वावर बगा. नक्शा एकच हाय. फक्त प्रमाण वेगळं."

"योगायोग आहे," मी म्हटलं.

"इतके योगायोग कोण करून राह्यलं वैनी?"

आणि भोकरदनकडच्या त्या जुन्या दगडी देवळात? त्याची भिंत सरळ नाहीच. कोपऱ्याला कोपरा, त्या कोपऱ्याच्या पोटात अजून बारीक कोपरे. शांता आणि मी प्रदक्षिणा घालून आलो तर तुम्ही भिंतीला नाक लावून उभे. शांता म्हणाली, "देव आत हाय. भिंतीत काय बगून राह्यले?" तुम्ही एका मुंगीकडे बोट दाखवलंत. ती प्रत्येक खाचेत उतरत होती आणि प्रत्येक खाचेतून चढत होती. "हिला इचारा, प्रदक्षिणा किती लांब पडती. आपण नुसते बाहेरून फिरलो. खरी प्रदक्षिणा हिची."

मी हसले. तेव्हा मी कायम हसायचे. शिकलेल्या माणसाला हसणं फार सोयीचं असतं. त्यात विचार करावा लागत नाही.

मग गेल्या दिवाळीला सोहम आला. कॉलेजात गणित शिकत होता. एका दुपारी लॅपटॉपवर त्यानं मला एक चित्र दाखवलं, काळ्या डागासारखं, कडेला बारीक फुटवे असलेलं. "आजी, आता कडेला बघ." कड मोठी केली तर फुटव्यात फुटवे. अजून मोठी केली, अजून फुटवे. आणि शेवटी त्यांच्या गर्दीत तोच पहिला काळा डाग, मोहरीएवढा.

"ह्याला फ्रॅक्टल म्हणतात," सोहम म्हणाला. "ढग, झाडं, फुप्फुस, बाजारभावाचे आलेख, सगळीकडे असतं. आणि आजी, फनी गोष्ट सांगू? समुद्रकिनारा किती लांब आहे ते कोणी सांगूच शकत नाही. पट्टी जेवढी छोटी घेशील, तेवढी लांबी वाढत जाते."

"पुन्हा म्हण," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा म्हटलं. मी उठले आणि वर्तमानपत्रांची रास नीट केली. ती नीटच होती.

"आजी, काय झालं?"

"हे मला तुझ्या नक्शेआजोबांनी सांगितलं होतं. तू जन्मायच्या आधी."

"त्यांना कसं माहीत? त्यांनी कुठे वाचलं?"

"वाचलं नाही. साखळी ओढली."

सोहम, ईशा, तुम्हाला हे नीट कळावं म्हणून लिहिते. मोठ्याचा आकार त्याच्याच लहान भागात पुन्हा दिसणं, हे पुस्तकात यायच्या आधीही जगात होतं. नदीला ओढे मिळतात, ओढ्याला ओहोळ, ओहोळाला चर, आणि वरून पाहिलं तर चरही नदीसारखाच दिसतो. पिंपळाच्या पानाच्या शिरा तशाच. ज्यानं उभं आयुष्य बांधाबांधानं चालून काढलं त्याला हे दिसलं. मी नकाशा भिंतीवर पाहिला होता, म्हणून मला रेघ दिसली.

आणि सोहम, त्या दिवशी लॅपटॉप बंद करून तू त्याची वायर गुंडाळलीस. मधून धरून, घडीवर घडी, प्रत्येक घडी बोटानं सरळ करत. मी बघत राहिले. भावजी, त्यानं तुम्हाला साखळी गोळा करताना कधी पाहिलेलं नव्हतं.

सोहम गेल्यावरही मी लगेच तुमच्याकडे आले नाही. मला आधी स्वतः खात्री करायची होती. बाजारातून कंपासपेटी आणली, गोदावरीकाठचा नकाशा मिळवला आणि एक दुपार बसून काढली. कर्कटकाची टोकं आधी लांब ठेवून काठ मोजला, मग निम्म्यावर आणून, मग पाव. वहीत तक्ता आखला. आकडा दर वेळी वाढला. माझी बेरीज चुकली असेल या आशेनं मी तीनदा तपासलं. माझी बेरीज चुकत नाही याचं मला त्या दुपारी पहिल्यांदा वाईट वाटलं.

संक्रांतीनंतर तो तक्ता घेऊन मी भोकरदनच्या एस्टीत बसले. तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसला होतात. जिना चढल्यासारखा श्वास, बसल्या जागी. शांतानं सांगितलं, डॉक्टरांनी फुप्फुसं निकामी होत चालली म्हटलंय. तुम्ही मात्र एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून मला जवळ बोलावलंत.

"वैनी, इकडं या. ही बगा दुधना नदी. हा मोठा ओढा, त्याला हे बारके मिळाले. माझ्या छातीत समदा नक्शा हाय, अन् मला कोणी सांगितलंच न्हाई." मग दम लागला. जरा थांबून म्हणालात, "फक्त ह्या बाजूला पाणी आटलं."

मी तक्ता काढला. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. काहीच आठवलं नाही. नुसतं म्हटलं, "भावजी, तुमचं बरोबर होतं. हद्दीला एक लांबी नसते. मी मोजून पाहिलं."

तुम्ही तक्ता हातात घेतलात आणि ओळीओळीवरून बोट फिरवत वाचलात, फार वेळ. मला वाटलं, आता चेष्टा कराल. तुम्ही म्हणालात, "चांगलं केलं. मोजून बगितलं ते लई चांगलं केलं." आणि तक्ता परत देताना, "पर वैनी, तव्हा पोरी होत्या ना. दीडशे पोरींनी वहीत लिव्हलं. त्यांना कोण सांगणार?"

"आता कुठे शोधू त्यांना? लग्नं होऊन गेल्या असतील. कुणाच्या मुली कॉलेजात असतील."

"मंग त्यांनी बी पोरींना तेच सांगितलं असंल." तुम्ही हसलात. "वहीतल्या वहीत वही. माझ्यापायी न्हाई म्हणत म्या. माझं काय. पर चुकीचं लिव्हलेलं पोरींच्या वहीत राहू नये."

मी म्हणाले, सांगेन. तुम्ही विचारलंत, कव्हा? मी म्हणाले, थोडी थंडी कमी होऊ दे.

पेल्याबद्दल त्या दिवशीसुद्धा विचारलं नाही. एक चूक कबूल केल्यावर मला इतकं हलकं वाटलं होतं की दुसरी तशीच ठेवून मी परतीच्या एस्टीत बसले. थंडी कमी झाली. गुडघ्याचं निमित्त झालं. कुणाला शोधायचं, कोणत्या तोंडानं सांगायचं, याच्या याद्या मी करत होते आणि फेब्रुवारी संपायच्या आत शांताचा फोन आला.

तेरावा झाला त्या दिवशी पंगत उठल्यावर एक बाई माझ्याजवळ येऊन बसली. चाळिशीच्या आतली, पर्समध्ये लाल पेन, त्यामुळे शिक्षिका आहे हे कळलं. "बाई, मी मंगल. आठवी ब. पहिला बाक."

ती भोकरदन तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. तुमच्याकडे ती अधूनमधून येत होती, मुलांसाठी गावनकाशे मागायला. तुम्ही मला हे कधी सांगितलं नाहीत.

मी तिथेच, पत्रावळी उचलणाऱ्या बायकांच्या गडबडीत, तिला सगळं सांगितलं. आकडा चुकीचा होता. ते बरोबर होते. मी सर्वांसमोर त्यांना खोटं पाडलं.

"मला माहीत आहे बाई," मंगल म्हणाली. "काडी माझ्याच हातात होती. वहीत मी तुमचा आकडा लिहिला, परीक्षेत लिहिला, मार्क मिळाले. पण काड्या मी मोजल्या होत्या ना."

मग मी तिला ते विचारलं, जे तुम्हाला विचारायला हवं होतं. बाहेर माठापाशी तेव्हा कोण होतं ते तिला आठवतं का.

मंगलनं मान खाली घातली. "मीच होते. त्यांना पाणी देत होते."

"त्यांनी ऐकलं?"

"हो."

"काय म्हणाले?"

ती तुमच्याच बोलीत म्हणाली, "म्हणाले, 'बराबर बोलल्या तुझ्या बाई. म्या शिकलो न्हाई. म्हून तर मला मोजावं लागतं.' आणि पेला उपडा ठेवला."

भावजी, इतकी वर्षं मी स्वतःला सांगत होते की कदाचित ऐकलं नसेल. तुम्ही ऐकलं होतं, आणि दर संक्रांतीला माझ्या हातचा तिळगूळ घेऊन लांबी विचारत होतात. मी त्याला चेष्टा समजत होते. तुम्ही मला दर वर्षी एक संधी देत होतात. एकंदर तेवीस. हे मोजायला बारीक दोरा लागला नाही.

घरी आल्यावर माझ्याजवळची पुस्तिका काढली. पान दोनवरचा आकडा लाल शाईनं खोडला, शेजारी सही केली, तारीख घातली. पण तुम्हाला हे पुरलं नसतं. तुम्हाला पोरी हव्या होत्या.

म्हणून परवा मी मंगलच्या शाळेत गेले. तिनं बोलावलं नव्हतं, मीच मागितलं. सातवीचा वर्ग, खाली सतरंज्या, खिडकीबाहेर मोसंबीची बाग. साखळी मी पिशवीतून नेली. इतकी जड असते हे मला माहीत नव्हतं. ती मुलांनी वर्गभर पसरली आणि एकेक कडी हाताळून पाहिली. मी फळ्यावर तीच गोदावरी काढली. एका मुलीला फूटपट्टी दिली, दुसरीला काडी. काडीवालीनं जीभ ओठात धरून मोजलं, मंगलसारखंच. बेरीज वाढली तशी मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, हिनं डबल मोजलं!" आणि ती फणकाऱ्यानं वळली, "तू ये अन् मोज की मंग!"

तो आला. त्याचंही तेवढंच भरलं.

मग मी त्यांना सांगितलं. खूप वर्षांपूर्वी एका माणसानं हे दीडशे मुलींना दाखवलं होतं, आणि त्यांच्या बाईंनी ते चूक आहे असं सांगून वहीत भलतंच लिहायला लावलं. त्या बाई म्हणजे मी. वर्गात कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं, हसतील. मंगल दाराशी उभी होती, तिनं खिडकीबाहेर पाहिलं.

काडीवाल्या मुलीनं हात वर केला. "बाई, मंग आता वहीत काय लिव्हायचं?"

या प्रश्नाला माझ्याकडे नोकरीभर उत्तर तयार असायचं. मी म्हटलं, "लिही. कशानं मोजलं ते आधी सांगा, मग लांबी विचारा."

तिनं लिहिलं. पेन्सिल चाटून पुन्हा वर बघितलं. "अन् हे कोण म्हणलं?"

मी खडू घेतला. तुमचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं मोठ्या अक्षरात लिहिलं. शिक्षण लिहायची जिथे सवय आहे तिथे जरा थांबले आणि लिहिलं, मोजणीदार.

सगळ्या वर्गानं ते वहीत उतरवून घेतलं.